पाटावरची कॉइल

सोमवार, ८ सप्टेंबर

ही डायरी पप्पांना कंपनीतून निवृत्त होताना मिळाली होती. चार-पाच वर्षं कपाटात पडून राहिली, त्यामुळे तिच्यात छापलेले वार जुने आहेत. मी ते पेनने खोडून नवे लिहिते आहे. नव्या नोकरीतलं पहिलं काम हेच झालं.

तर, आजपासून मी अंजली कोंडीराम ओव्हाळ, लेक्चरर, इलेक्ट्रिकल विभाग. आमचं पॉलिटेक्निक चाकणच्या पुढे माळावर आहे. पिंपरीहून नाशिक फाटा, तिथून चाकणची बस, आणि चाकणचा चौक ओलांडायला त्या बसला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एखादं साधं लग्न उरकेल. कंपनीतली ट्रेनीची नोकरी सोडून मी इथे आले हे पप्पांना अजून पचलेलं नाही. सकाळी डबा देताना म्हणाले, "तिथं गळ्यात आयकार्ड तरी होतं. इथं काय आहे?" मी म्हटलं, "इथं खडू आहे." आई हसली. पप्पा नाही हसले.

नेमणूक दिवाळीपर्यंत तात्पुरती आहे. मग काम बघून कायम करतील, नाहीतर हात जोडतील. मला कायम व्हायचंय. मला शिकवायला मनापासून आवडतं. हे मी घरात नीट सांगितलेलं नाही, कारण ‘आवडतं’ हे कारण आमच्या घरात चालत नाही.

लॅब बघून मात्र जीव हरखला. टेबलं नवी कोरी, वर चकचकीत स्टीलचा पत्रा. प्रत्येक टेबलाच्या मधोमध मोठ्या अक्षरांत कोरलंय: ‘कै. शालनबाई यांच्या स्मरणार्थ’. संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब यांनी गेल्या वर्षी पत्नीच्या नावाने ही टेबलं दिली. त्यात स्वतःचं तोंड दिसतं.

लॅबच्या प्रमुख स्नेहल मॅडम, म्हणजे दादासाहेबांच्या सूनबाई. बारा वर्षं इथे शिकवतात. बोलतात कमी आणि बघतात जास्त. मला त्यांचा जरा धाकच वाटला.

गुरुवार, ११ सप्टेंबर

आज पहिलं प्रॅक्टिकल झालं. कॉइल म्हणजे तारेचं वेटोळं, कपॅसिटर आणि रेझिस्टर एकापाठोपाठ जोडायचे. मग दोन गोष्टी मोजायच्या. पहिली, सिग्नलची वारंवारता हळूहळू वाढवत न्यायची आणि करंट बघायचा. एका ठरावीक जागी करंट एकदम उसळी मारतो. तिथे सर्किटची आणि सिग्नलची तार जुळते, त्याला रेझोनन्स म्हणायचं. आलेख काढला की टोकदार डोंगर दिसतो. दुसरी, चौकोनी सिग्नल देऊन सर्किटला टिचकी मारायची. मग पडद्यावर लाट उठते आणि डोलत डोलत विरते. किती डोलते, किती लवकर विरते, ते मोजायचं. मला हा दुसरा भाग विशेष आवडतो, कारण टिचकी मारून सोडून दिल्यावर सर्किट काय करतं त्यावरून त्याचा स्वभाव कळतो.

मी हे सगळं रंगून सांगत होते, तेवढ्यात दिव्या नावाच्या मुलीने पूर्ण झालेला आलेख पुढे केला. टोकदार, देखणा डोंगर.

मी म्हटलं, "अगं, अजून वायर जोडायच्यात!"

"मॅम, ग्राफ आधी काढून आणतो आम्ही. रीडिंग नंतर त्यात बसवतो."

"असं कोणी सांगितलं?"

"असंच असतं, मॅम. खरी रीडिंग घेतली तर डोंगर येत नाही."

मी तिला चांगलं ऐकवलं. म्हटलं, पुढच्या आठवड्यात मी स्वतः घेऊन दाखवते खरी रीडिंग. वर्ग खूश झाला. मागे स्नेहल मॅडम उभ्या होत्या. त्या काहीतरी बोलायला आल्या होत्या बहुतेक, पण न बोलताच गेल्या.

मंगळवार, १६ सप्टेंबर

डोंगर येत नाही.

दिव्याचंच खरं ठरलं आणि मला फार लाज वाटली. डोंगराऐवजी पालथी घातलेली परात येते. शिखर बसकं, गणितातल्या जागेपासून थोडं सरकलेलं. लाटेचं तर विचारूच नका. टिचकी मारली की जेमतेम दोन-तीनदा डोलते आणि मान टाकते. गणिताप्रमाणे ती चांगली डझनभर वेळा डोलायला हवी.

वायरी बदलल्या. कपॅसिटर बदलला. रेझिस्टर बदलला. शेजारच्या टेबलावरचा, पडद्यावर लाट दाखवणारा ऑसिलोस्कोप आणला, मग त्याच्याही शेजारचा. मग सगळं उचलून खिडकीजवळच्या टेबलावर नेलं. तिथेही परातच. मुलं आदराने गप्प बसली होती, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

शनिवार, २० सप्टेंबर

प्राचार्यांनी बोलावलं होतं. तंत्रशिक्षण मंडळाकडून एक तज्ज्ञ लॅब बघायला येणार आहेत, १४ ऑक्टोबरला. बरोबर दादासाहेबही असतील. रेझोनन्सचा प्रयोग चालू दाखवायचा, आणि तो मी दाखवायचा. "तुमचं कायम होणं त्यावरच आहे असं समजा," सर गोड आवाजात म्हणाले. प्रयोग फसला तर दिवाळीनंतर मला प्रवेशाच्या खिडकीत बसवतील, तेही जागा असली तर.

मी खरं सांगून टाकलं की डोंगर येत नाही. सर म्हणाले, "मॅडम, उत्तर आपल्याला माहीत आहे ना? मग रीडिंग मॅनेज करा. सगळे करतात."

मला इतका राग आला की मी फक्त "हो सर" म्हणाले. जास्त राग आला की मी फार नम्र होते.

बुधवार, २४ सप्टेंबर

आज गंमत झाली. कॉइलच बिघडली असणार म्हणून मी ती मीटरने तपासली. एका हातात कॉइल, दुसऱ्या हातात मीटरच्या पिना, अशी कसरत. कॉइल ठणठणीत! वर छापलेल्या आकड्याशी तंतोतंत. मग आशेने टेबलावर ठेवली, सर्किट जोडलं, की झाल्या नखऱ्यांना सुरुवात. दुसरी कॉइल घेतली, तिचंही तेच. माझ्या हातात असेपर्यंत शहाणी, आणि टेबलावर सासरी गेल्यासारखं तोंड पाडून बसते. याचा अर्थ माझी जोडणीच कुठेतरी चुकते आहे. डोकं चालेनासं झालंय.

स्नेहल मॅडम मागून आल्या आणि म्हणाल्या, "अंजली, कॉइल हातात धरलेली असताना पडद्यावर बघितलंस का गं काही?"

म्हणजे आता टोमणे सुरू झाले. कॉइल हातात धरून प्रयोग करायचा की काय? मुलं काय म्हणतील? मी म्हटलं, "नाही मॅडम, मी पद्धतशीर चालले आहे." त्या "बरं" म्हणाल्या आणि टेबलाकडे बघत राहिल्या. मग ओढणीच्या टोकाने त्यांनी ते कोरलेलं नाव हळूच पुसलं. सासूबाईंच्या नावावर माझ्या बोटांचे डाग पडले होते. तेही त्यांना खटकलं असणार. दादासाहेबांच्या कानावर काय काय जातं देव जाणे.

बुधवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी. आज लॅबमधल्या यंत्रांची पूजा. आमच्या घरी हे काही नसतं. आमचा उद्याचा दिवस मोठा, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा. पण मला कोणाच्या पूजेचा त्रास नाही आणि प्रसाद तर मी आवडीने खाते. फक्त कुंकू लावायला कोणी सांगितलं की अवघडायला होतं, म्हणून मी सकाळपासून सर्किट चालू करून रीडिंग घेत बसले होते. कामात दिसलं की कोणी बोलवत नाही.

स्नेहल मॅडमनी बोलावलंच. पण वेगळ्याच कामाला.

"सर्किट बंद करू नकोस, चालू राहू दे. फक्त ती कॉइल जरा उचल. सरूबाई, पाट आणा."

सरूबाई आमच्या लॅबची झाडलोट करतात आणि सगळ्या जिल्ह्याच्या बातम्या ठेवतात. त्यांनी घरून चांगला सागवानी पाट आणला होता. मॅडमनी तो टेबलावर मांडला आणि माझ्या हातून कॉइल वर ठेवली. मी म्हटलं, ऑसिलोस्कोप एवढा महागाचा, त्याला पाट नाही आणि कॉइलला का? तर म्हणाल्या, "आजचं मुख्य दैवत तीच." त्यांनीच हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. आरती झाली. मी मागे उभी राहून टाळ्या वाजवल्या.

आरती संपली आणि सहज पडद्याकडे बघितलं, तर लाट डोलत होती! दोनदा-तीनदा डोलून मान टाकणारी ती बाई आज डोलतेय, डोलतेय, थांबायचं नावच नाही. मी वारंवारता फिरवून बघितली. डोंगर आला. टोकदार आणि बरोब्बर गणिताच्या जागी.

मी ओरडलेच. मुलांनी गलका केला. सरूबाईंनी यंत्राला पुन्हा एकदा हात जोडले आणि म्हणाल्या, "पावला बगा म्याडम. तुमी उगं वायरी उपटत व्हता."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "दसऱ्याची पूजा हलवायची नाही. परवा तशीच रीडिंग घे." आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी काहीतरी बोलावं अशी त्यांची अपेक्षा असावी. मी बर्फी मागितली.

गुरुवार, २ ऑक्टोबर

पप्पा, आई आणि मी पांढरे कपडे घालून विहारात. गर्दी, खीर, ओळखीचे सगळे. पप्पा प्रत्येकाला सांगत होते, "पोरगी प्राध्यापक आहे." मला घरात एक ऐकवतात आणि बाहेर दुसरं सांगतात. मला बरं वाटलं आणि रडूही आलं.

येताना मी त्यांना पूजेचं सांगितलं. ते रस्त्यात उभे राहून हसले. "म्हणजे तुझी कॉइल आरती ऐकून चालते. छान. आता फीमध्ये नारळ पण लावा."

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

पूजा तशीच होती, रीडिंग सुंदर आली. वर्गाने माझ्याकडे आदराने बघितलं. दिव्याने आयुष्यात पहिल्यांदा खरा डोंगर काढला आणि तिला तो खोटा वाटला.

दुपारी सरूबाईंनी पूजा आवरली, टेबल पुसलं, पाट घरी नेला. मी पुन्हा सर्किट लावलं. परात!

आता मी कोणाला तोंड दाखवू? मी विज्ञान शिकवते. माझ्या घरात तीन पिढ्यांनी नवस नावाची गोष्ट केलेली नाही.

सोमवार, ६ ऑक्टोबर

शांत डोक्याने विचार केला. पूजेने फरक पडला हे खरं. पूजेतल्या कशाने पडला, ते शोधायचं. हळद, कुंकू, फूल, उदबत्तीचा धूर. एकेक घेऊन तपासायचं, पद्धतशीर.

हळद लावली. परात. कुंकू लावलं. परात. फुलं दोन प्रकारची ठेवली. परात, फुलांसकट. उदबत्ती ओवाळली तर खोकला आला. कॉइल दिसायला अगदी जत्रेतल्यासारखी झाली आहे, आणि लाट मात्र तशीच मरगळलेली.

आता राहता राहिली आरती. ती उद्या तपासते. मुलं वर्कशॉपला गेली की लॅब रिकामी असते.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

हे लिहायलाही लाज वाटते, पण डायरीत खोटं लिहून काय करायचं.

लॅब रिकामी होती. दार लोटलं, सर्किट चालू केलं, आणि कॉइलसमोर उभी राहून हळू आवाजात आरती म्हटली. अर्धीच येते मला, शाळेत ऐकून ऐकून पाठ झालेली. आवाजाच्या कंपनांचा परिणाम असू शकतो अशी मी मनाची समजूत घातली होती. आवाज थोडा वाढवला. टाळ्याही वाजवल्या, प्रयोग पूर्ण व्हावा म्हणून.

मागून सरूबाई म्हणाल्या, "म्याडम, असं न्हाई करत."

मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

त्या पुढे म्हणाल्या, "देवाला असं उघड्या लोखंडावर बसवून आरती करत्यात व्हय? थांबा, पाट आनते. आज परत आनलाय, देवाजवळ ठिवायला."

पाट आणला, मांडला, वर कॉइल ठेवली. आरतीला तोंड उघडायच्या आतच लाट डोलायला लागली.

मी पाटाकडे बघितलं. पाटाखाली स्टील. मी कॉइल उचलून सरळ टेबलावर ठेवली, लाट मेली. हातात उचलली, वायरींसकट, हवेत. लाट जिवंत. खाली, मेली. वर, जिवंत. मी दहा-वीस वेळा वरखाली केली आणि मग मोठमोठ्याने हसत सुटले.

स्टीलचा पत्रा! कॉइलभोवती जे चुंबकी क्षेत्र असतं ते पत्र्यात शिरतं, तिथे भोवऱ्यासारखे करंट फिरतात आणि सगळी शक्ती उष्णता होऊन वाया जाते. पुस्तकात धडा आहे यावर. मी परीक्षेत त्यावर पैकीच्या पैकी घेतले होते! प्रत्येक वस्तू बदलली मी, टेबल सोडून. टेबलं बदलली ती पण दुसऱ्या स्टीलच्या टेबलासाठी. सरूबाईंना मी मिठी मारली.

त्या म्हणाल्या, "पर टेबलाचं नाव काडू नगा कुटं. ही टेबलं आली तवा स्नेहल म्याडम म्हनल्या व्हत्या, लाकडाची घ्या म्हनून. दादा दोन दिस जेवले न्हाईत. ‘लाकडावरच घातली तिला, आता परत तिच्या नावाला लाकूड नगं,’ म्हनले. तवापासनं त्या घरात टेबलाचं कुनी बोलत न्हाई."

शालनबाईंना जाऊन जेमतेम दीड वर्ष झालंय. सरणाची आठवण आहे ती. त्या माणसाला कसं सांगायचं की तुमचं स्टील चुकलं? स्नेहल मॅडमनी लाकडाची टेबलं का सुचवली असतील कोण जाणे. जुन्या वळणाच्या आहेत, लाकूड आवडत असेल.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

स्नेहल मॅडमना बसवून सगळं समजावून सांगितलं. पत्रा, क्षेत्र, फिरते करंट. फळ्यावर आकृतीसुद्धा काढली. त्यांनी मन लावून ऐकलं. शेवटी म्हणाल्या, "अगोबाई, असं होय!"

मला त्यांची दया आली. बारा वर्षं शिकवतात, आणि इतकी साधी गोष्ट लक्षात आली नव्हती. पण मोठेपणा असा की चूक कबूल करतात. मी विचारलं, "दादासाहेबांना कसं सांगायचं?"

"मी सून आहे. मी सांगितलं तर ते तक्रार होतं," त्या म्हणाल्या. "तू सांगितलंस तर तो प्रयोग असेल."

"मी? माझी नोकरी जाईल की!"

त्या फळ्यावरची आकृती पुसायला लागल्या. मला वाटतं, त्यांना कायम व्हायचं-न व्हायचं याची कल्पना नसावी. आम्ही असं ठरवलं की पाट गुपचूप ठेवायचा, पूजेचा म्हणून. कोणी विचारणार नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर



पाहुणे यायच्या अर्धा तास आधी प्राचार्य लॅबमध्ये आले आणि पाट बघून ओरडले, "हे काय? बाईंचं नाव झाकलंय! दादासाहेब आधी नाव बघतात. काढा तो." सरूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पाट उचलून नेला. सर जाताना हळूच म्हणाले, "जर्नलमध्ये चांगली रीडिंग आहेत ना? तीच वाचून दाखवा. पडदा थोडा तिकडे फिरवून ठेवा."

दादासाहेब आले. सत्तरीचे, उंच, पांढरा पायजमा-सदरा, डोक्यावर टोपी. आत शिरताच त्यांनी पहिल्या टेबलाच्या नावावरून हात फिरवला. बरोबरचे तज्ज्ञ साहेब थेट माझ्याकडे आले. "दाखवा, मॅडम."

मी वारंवारता फिरवत गेले. परात. टिचकी मारली. लाट दोनदा डोलली आणि गेली. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "शिखर कुठे आहे?"

प्राचार्य म्हणाले, "जर्नलमध्ये आहे, सर."

मागे दिव्या उभी होती. तिच्या हातात तिने काढलेला खरा डोंगर होता. मी तिला काय काय ऐकवलं होतं त्या दिवशी! मी स्नेहल मॅडमकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मला त्यांचा राग आला. अशा वेळी तरी माणसाने इकडे बघावं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "सरूबाई, पाट आणा."

तो मी बरोबर नावावर मांडला. एवढा पाट मावायला दुसरी जागाच नव्हती. कॉइल वर ठेवली, टिचकी मारली, आणि लाट डोलत सुटली. मग डोंगर. साहेब "वा!" म्हणाले आणि लगेच दादासाहेबांकडे बघून थांबले.

दादासाहेब म्हणाले, "पोरी, नाव झाकलंस की."

"हो दादा." मी म्हटलं. "टेबल चांगलं आहे. पण या प्रयोगाला स्टील चालत नाही. ते कॉइलची शक्ती पिऊन टाकतं. महिनाभर मला कळलं नाही. मुलं खोटे आलेख काढत होती, कारण खरा येतच नव्हता."

प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले.

दादासाहेब पुढे आले. "मला करू दे." त्यांनी कॉइल दोन्ही हातांत धरली, बाळ धरतात तशी, आणि पाटावरून शेजारच्या उघड्या स्टीलवर नेली. लाट आखडली. उचलली, लाट पसरली. पुन्हा खाली. पुन्हा वर. कितीतरी वेळ तेच करत होते आणि कोणाची त्यांना थांबवायची हिंमत नव्हती.

"पितळी ताट भुईला टेकवून वाजवलं की ठाक करतंय," ते म्हणाले. "बोटावर तोलून धरलं की घुमत ऱ्हातंय. त्यातलंच हाय का हे?"

"अगदी तेच, दादा."

"म्हंजे हितं टेकलं की गप हुतंय."

"हो."

त्यांनी कॉइल अलगद पाटावर ठेवली आणि चहा न घेता निघून गेले. साहेबांनी माझं कौतुक केलं, पण मला ते ऐकू आलं नाही. प्राचार्य म्हणाले, "आता बघा मॅडम काय होतं ते."

घरी आल्यावर पप्पांनी विचारलं, "कायम झालीस का?" मी म्हटलं, "खरं बोलून आले." ते म्हणाले, "मग जेवून घे." ताटात त्यांनी स्वतः वाढलं.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

कालपासून प्रवेशाच्या खिडकीत बसायची मनाची तयारी करत होते. आज सकाळी लॅबसमोर टेम्पो उभा. त्यातून दादासाहेब उतरले आणि मागून पाट. एकावर एक रचलेले, जुने, काळपट सागवानी पाट, लॅबमधल्या सगळ्या टेबलांना पुरून उरतील इतके.

"आमच्या घरचं हायती," ते म्हणाले. "हे कालीज निघालं तवा हितं काय बी नव्हतं. पोरं लांबून यायची उपाशी. ती घरी पंगत घालायची ह्येच्यावर. पयल्या सालची समदी पोरं ह्येच्यावर जेवलीत."

त्यांनी एक पाट उलटा केला. लग्नकार्यात पाट उसने जातात आणि हरवतात, म्हणून जुन्या घरांतून खाली नाव लिहून ठेवतात. पांढऱ्या रंगाने, वाकड्या, नवशिक्या अक्षरांत लिहिलं होतं: शालन.

"सोता लिवलंय तिनं. साक्षरता वर्गात शिकली तवा. समद्या पाटांवर लिवत बसली हुती, दिसभर."

दादासाहेबांनी पाट सुलटा करून टेबलावर ठेवला, स्वतः कॉइल वर ठेवली आणि मला म्हणाले, "मार टिचकी." मी मारली. लाट उठली, डोलत डोलत लांबवर गेली. ते पडद्याला डोळे लावून उभे होते.

"सरणावर घातली तवापासनं लाकडाकडं बघवत नव्हतं मला," ते म्हणाले. "पर लोखंडावर लगीच गप हुतंय. तिचं नाव ह्येच्यावरच ऱ्हाऊ द्या." मग प्राचार्यांकडे वळून, "आन् ह्या पोरीला कायम करा. तोंडावर बोलती."

प्राचार्य म्हणाले, मीही हेच सुचवणार होतो. मी बाहेर जाऊन पप्पांना फोन लावला. ते "हं" म्हणाले, आणि मग बराच वेळ फोनवर नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत होता.

आत आले तर सगळे गेले होते. स्नेहल मॅडम एकट्याच होत्या. त्या एकेक पाट उलटा करून ओढणीने ते नाव पुसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. शेवटचा पाट मांडून त्यांनी त्यावर कॉइल ठेवली, वायरी जोडल्या आणि तोंडाने काहीतरी गुणगुणत, पडद्याकडे न बघताच वारंवारतेचं बटण फिरवलं. ते थेट डोंगराच्या टोकावर जाऊन थांबलं, इकडे नाही, तिकडे नाही.

मी आनंदाने थक्क झाले. एकदाच समजावून सांगितलं होतं मी त्यांना, आणि किती पटकन शिकल्या! चांगली शिकवणारी भेटायला हवी, एवढंच.